सरकीच्या शेडमध्ये

जिनिंग बंद पडली, मशीन भंगारात गेली,
सरकीचा वास तेवढा मागे राहिला.
आता तिथे पांढरे ट्रे, ट्रेमध्ये पाणी,
पाण्यात मच्छरांचे कोश:
कुणी मूठभर स्वल्पविराम सांडावेत तसे,
वाक्य नाही, नुसते स्वल्पविराम.

तेरा वर्षं मी इथे
रुईतून सरकी सुटताना पाहिली.
आता नरांतून माद्या काढते.

दिलवर पावरा सरांनी पहिल्या दिवशी दाखवलं:
दोन काचा, तिरप्या. वर फट रुंद, खाली चिंचोळी.
पाणी सोडायचं, कोश घसरू द्यायचे.
नर बारीक, तो पार खाली जातो.
मादी अंगानं भरलेली, वरच अडकते.
"एवढंच?"
"एवढंच. पण केसभर फट सरकली
की चावणारी बाहेर जाते,
आणि मग गाव आपल्याला चावतं."

धरणगावात नळ कधी येतो, विचारू नका.
बाराव्या दिवशी, कधी अठराव्या.
म्हणून ड्रम, हंडे, टाकी, बाळाचं टबसुद्धा भरून ठेवलेलं.
पाणी साठतं, त्यात हेही साठतात.
गेल्या भादव्यात वाण्यांचा हर्षल
जळगावला चार दिवस होता.
रोज एक आकडा यायचा फोनवर,
रोज आदल्या दिवसापेक्षा लहान.
त्याची सायकल अजून ओट्याला टेकून उभी आहे.
हवा कुणी भरत नाही, हलवतही नाही कुणी.

रजिस्टरात दोन रकाने.
नर पुढे जातात, किरणांच्या मशीनकडे,
तिथून निघतात ते कुणाचे बाप न होण्यासाठी.
थोड्या माद्या अंड्यांसाठी ठेवतात.
बाकीच्यांवर गरम पाणी.
किटली उचलते तेव्हा मी ट्रेकडे नाही,
घड्याळाकडे बघते.

सासू विचारते,
"काय करस व तू तठे दिवसभर?"
नर ठेवतो, मादी काढतो, मी सांगते.
ती सुपारी कातरायची थांबते.
दोघींना एकच गाडी आठवते.

सोळा वर्षं झाली. सुरत पॅसेंजर, मला चौथा महिना.
तिच्या कनवटीला चिठ्ठी, चिठ्ठीत पत्ता.
"नुसतं बघून येऊ."
नंदुरबारला मी पाणी भरायला उतरले
आणि समोरच्या फलाटावर
भुसावळकडे तोंड करून उभी असलेल्या गाडीत चढले.
बाटली नळाखालीच राहिली.
वाहत असेल.

ती अकरावीत आहे आता.
केमिस्ट्री जमत नाही, दार आपटून बंद करते,
आजीला स्वतःच्या हातानं डोळ्यांत ड्रॉप घालते.
हे ते नव्हे, मला कळतं.
मच्छर म्हणजे माणूस नव्हे.
हर्षलच्या आईला विचारलं तर ती म्हणेल,
किटली मला दे.

शुक्रवारी डबे घेऊन निघतो.
कोटाजवळ लोक अडवतात:
"इथे कमी आहेत म्हणून अजून आणले का?"
सर बाही वर करतात, हात डब्यात घालतात.
एक मिनिट. पोरं मोठ्यानं आकडे मोजतात.
काही होत नाही.
मागून एक बाई म्हणते,
"न चावणारे नर! आमच्या घरी एक सोडा."
मग हसतात सगळे, मग वाट देतात.

झाकण काढलं तरी ते लगेच उडत नाहीत.
डब्याला खालून टिचकी मारावी लागते.
मग एकेक करून निघतात,
पिसासारख्या मिशा घेऊन
लिंबाच्या मोहराकडे.

रात्री अंगणात खाट. लाइट गेलेली.
सासूच्या मनगटावर काहीतरी बसतं.
तिचा दुसरा हात वर उचललेला, तसाच थांबतो.
"हाऊ तुन्हा शे का व?"

अंधारात मला सांगता येत नाही.
हजारात एखादी सुटते, कागदावरही तेवढी चालते.
मी म्हणते, थांबा थोडं.
आम्ही तिघी थांबतो,
पोरगी, सासू, मी,
एका मनगटाकडे बघत.