नवख्यांसाठी जागा

मार्चात पाणी नितळतं, म्हणून मार्चात निघालो.
मागच्या सीटवर मष्णू गुरव, मांडीवर दोरीचं वेटोळं,
दोरीला हातहातभर अंतरावर गाठी,
टोकाला सुनेच्या दुकानातलं एक किलोचं माप.
माझ्या मनगटावर खोली मोजणारं घड्याळ आहे.
"असू दे की," तो म्हणाला, "दोघांनीबी मोजूया."

खानापूरच्या पुढे जांभ्याची खाण.
चिरे काढता काढता खाली झरा फुटला, आणि पंप हरले.
पाणी इतकं स्वच्छ की काठावरून दिसते
बुडलेली टोपली, अर्धवट कापलेला चिरा.
पण मधोमध केबल लोंबते आहे
आणि बाहेर यायला एकच शिडी, तीही गंजलेली.
नवखा माणूस घाबरला की सरळ वर येतो.
त्याच्या डोक्यावर काही असता कामा नये.
वहीत फुली.

दुसरा देवळामागचा.
पायऱ्या, कठडा, सावली, सगळं मागून घेतल्यासारखं.
एक बाई घागर बुडवत होती.
मी विचारलं, इथं उतरलं तर चालेल?
ती कन्नडात काहीतरी म्हणाली. मष्णूनं मराठीत आणलं:
"तुझ्या घरच्या पिंपात कोण उतरतं, विचारतीया."

तिसऱ्याचं नाव लिहीत नाही.
नाव लिहिलं की लोक जातात.
जंगलात, कणकुंबीच्या अलीकडे कुठंतरी, एवढंच.
खडकाच्या पोटात कपार, आणि कपारीत
निळा उजेड, कुणीतरी आत दिवा ठेवून विसरल्यासारखा.
मला ती जागा हवी होती.
खोटं कशाला, वहीत मी बरोबरची खूणसुद्धा केली होती,
शेजारी फोटोंसाठी चांगली वेळ: साडेअकरा.

मष्णूनं पिशवीतून मूठभर भाताचा कोंडा काढला,
पाण्यावर भुरभुरला, आणि बिडी पेटवली.
कोंडा आधी नुसता तरंगला.
मग घंटा झाल्यावर पोरं वर्गाकडे वळावीत
तसा सावकाश कपारीकडे निघाला.
बिडी संपेपर्यंत आम्ही बघत होतो.
एक कणही परत आला नाही.

"माझ्या आज्ज्यानंबी टाकला होता.
तिसऱ्या दिवशी खालच्या मळ्यात निघाला."

कोंड्याला श्वास लागत नाही, मष्णूमामा.

"तेच म्हणतोय की गे."

शेवटचा भरमू देसूरकराच्या उसाखाली.
हिरवट पाणी, काठाला म्हशी येण्याची वाट,
गुहा नाही, निळं काही नाही.
दोरीच्या बारा गाठी. घड्याळ म्हणालं, साडेपाच मीटर.
वरून कुठूनही आभाळ मोकळं.
मी एकटीच उतरले. तळाला पांढरी वाळू,
आणि एका जागी ती खदखदत होती,
आधणात तांदूळ नाचावेत तशी, पण गार.
तिथं गुडघे टेकून मी स्वतःचे बुडबुडे मोजले.
काही बघण्यासारखं नाही,
म्हणून शिकण्यासारखं पुष्कळ आहे:
अंगठा वर म्हणजे छान नव्हे,
अंगठा वर म्हणजे वर चला.
पाय आपटू नका, गाळ उठतो,
आणि उठलेला गाळ कुणाचं ऐकत नाही.

रविवारी येतील चौघं.
बँकेतली त्रिवेणी विचारेलच, एवढंच का, मॅडम?
हो. एवढंच.

मष्णूला टाकी नको होती. "साकु, साकु," करत हात झटकले.
पण मुखवटा घेतला, उलटसुलट पाहिला,
धोतर आवरून कमरेइतक्या पाण्यात गेला
आणि नुसतं तोंड बुडवलं.
बराच वेळ.
उसातून कुणीतरी ओरडलं, म्हातारं गेलं काय?

वर आला तेव्हा मिशा गळत होत्या.
मुखवटा कपाळावर तसाच.
साठ वर्षं इथं पोहतोय, म्हणाला,
"तळाला गेलं की पायाला गुदगुल्या व्हायच्या.
मी मासं समजत होतो."