मापात पाप

काल्याओ बंदरामागच्या गल्लीत
लाउची चिनी खानावळ. इकडचे लोक म्हणतात, चिफा.
टेबलं सात. एक कायम डुगडुगतं,
त्याच्या पायाखाली घडी केलेलं मेन्यूकार्ड,
जुन्या भावांचं.

एउसेबियो तिथंच बसतो.
तीस वर्षं धक्क्यावर मासळी तोलली त्यानं,
चाउफाची बशी आली की आधी उचलून बघतो:
"मापात पाप!"
आतून कढईवर झारा आपटतो. ठण्ण.
दर मंगळवारी हेच बोलणं.

आल्याची वाफ, सोयाचा खारट काळा वास.
कोपऱ्यात एक पोरगी बापावर रुसलीय,
भातातले वाटाणे
एकेक करून ताटाबाहेर काढतेय.

दहाला शटर अर्धं खाली.
लाउ बाहेर येतो मान पुसत,
डुगडुगत्या टेबलाशी बसतो
आणि बटाटा सोलू लागतो, उकडलेला,
बोटं भाजतात तरी.
सोबत पिवळी मिरची, मीठ.
"भात नाही?"
"तो गिऱ्हाइकांना."

एउसेबियो न विचारता अर्धा बटाटा उचलतो.
तळहातावर धरतो, डोळे मिटून,
जरा जास्तच वेळ.

लाउ मान वर करत नाही. सोलायचा मात्र थांबलाय.

"बरोबर आहे," एउसेबियो म्हणतो,
आणि मीठ मागतो.