पट्टा

तिकटीवर लिंबू होतं,
मधोमध कापलेलं, कुंकू भरलेलं,
शेजारी दहीभाताचा गोळा, मुंग्या लागलेला,
आणि सगळ्याचं तोंड आमच्या दाराकडं.

रविवार. मी उपासनेला निघालेली.
पिशवीत शास्त्र, चष्म्याचं घर, वर्गणीचं पाकीट.
सव्वीस वर्षं मंडळीतल्या बायकांना शिकवतेय मी,
भिऊ नका म्हणून.
आणि माझे पाय
लिंबाच्या अलीकडं दोन हात थांबले.

सांगायची गोष्ट नाही ही, तरी सांगते.
मागच्या दारानं गेले.
बोळातून, गोठ्याच्या कडेनं,
म्हशीच्या शेपटीचा एक फटकारा इस्त्रीच्या साडीवर घेऊन.

देवळात पाळकसाहेब अधिकारावर बोलत होते,
आवाज चढवून. माईक मधेच कुईं करायचा.
मी मान खाली घालून बसले
आणि मला अण्णा आठवले.

अण्णा कलेक्टर कचेरीत पट्टेवाले.
उंची पाच फूट दोन इंच, त्यात दमा.
एकदा कुणी बडं प्रस्थ आलं जीप घेऊन,
दोन बंदूकवाले मागं,
सरळ साहेबांच्या दारावर चालून.
अण्णांनी चौकटीवर हात आडवा लावला.
"साहेब आत कामात हाईत. बसा."
आणि ते प्रस्थ, मिशीसकट, बाकड्यावर बसलं.

रात्री भाकरी मोडता मोडता मी विचारलं,
अण्णा, भ्या नाही वाटलं?
"वाटलं की. गुडघं लटालटा हालत हुतं.
पर मी कोन गं, येसाबाचा दमेकरी प्वार?
आडवा झाला त्यो पट्टा.
आनि पट्टा कुनाचा, त्येला ठावं हुतं."

मग पट्टा खुंटीला,
आणि खाली नुसता खोकणारा माणूस.
सकाळी तो परत चढवायच्या आधी
ते गुडघे टेकायचे, चुलीच्या उजेडात.
तेच, लटालटा हलणारे.

प्रभूभोजन न घेताच उठले.
पुढच्या वाटेनं आले ह्यावेळी.
त्याचं नाव घेतलं, इतकं हळू
की लिंबालाही ऐकू गेलं नसेल.
खाली वाकले, उचललं,
आणि वर बघितलं तर
खिडकीत सुताराची गौरा,
कडेवर लेक, लेकीची मान खांद्यावर टाकलेली.

अकरा दिवसांचा ताप.
"वहिनी, तुमच्या दारात न्हवतं ठेवायचं,
अंधारात कळलंच न्हाई."
म्हणजे माझ्या वाईटावर कुणी नव्हतंच.
एक आई आपलं भ्या उतरवून
तीन वाटांवर टाकून आली होती,
कुठल्या तरी वाटेनं जाईल म्हणून.
आणि मी शास्त्र काखेत घेऊन त्याला वळसा घातला.

पोरीच्या कपाळावर हात ठेवला.
तवा परवडला.
ओरडले नाही. सैतानाला दटावलं नाही.
म्हटलं, गौरा, चपला घाल.
रिक्षात दसरा चौक येईस्तोवर
ओठात एकच शब्द होता, तोही पुरता नाही.

आता रात्रीचे तीन.
सीपीआरच्या मुलांच्या वॉर्डाबाहेर
गौरा भिंतीला टेकून झोपलीय, तोंड उघडं.
आत सलाईनचा थेंब. खाली फिनेलचा वास.
आणि व्हरांड्याच्या त्या टोकाकडून
ते येतंय,
सकाळी लिंबात नव्हतंच जे,
दोन बंदूकवाले मागं घेऊन, दाराकडं, सरळ.

मी उठते.
संधिवाताचे माझे गुडघे, आता विचारू नका.
खांद्यावर पट्टा आहे का, चाचपून बघते,
साडीचा पदर लागतो हाताला, म्हशीचा डाग पडलेला.
चौकटीवर हात आडवा लावते.

साहेब आत कामात आहेत.
बसा.

आणि ते, कुरकुरत का होईना,
बाकड्यावर सरकून मला जागा करतं.