दोन गाड्यांच्या मधलं

रबाळ्यापासून घणसोलीपर्यंत
एकवीस वर्षं मी रूळ वाचत गेलो.
खांद्यावर हातोडा, पाना,
पिशवीत दोन झेंड्या आणि भाकरीचा डबा.
सैल चावी बुटाखाली बोलते,
तिला ठोकायची, पुढं व्हायचं.
गाडी मला घड्याळाआधी रुळात कळायची:
सुईनं पत्रा खरवडावा तशी बारीक थरथर,
मग बाजूला, खडीच्या उतारावर.
ती गेली की पुढची दहा मिनिटं माझी.

दहा मिनिटांत काय काय मावायचं!
चार-दोन सांधे बघून व्हायचे.
भिंतीलगतच्या अळूला बाटलीभर पाणी.
मुंगूस पिल्लांना घेऊन पलीकडं जायचं, सावकाश, मालकासारखं.
आणि खिल्लारेंचा एखादा लांबट किस्सा,
त्याचा शेवट पुढच्या गाडीनंतर.

गेल्या वर्षी ते अंतर आवळायला घेतलं.
साहेबांनी जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला,
नवे सिग्नल, नवी केबल, जड रूळ,
दर साडेचार मिनिटांना गाडी.
"दिवसा आता रुळात पाय नाही, केदारे.
सगळी कामं रात्रीची."

रात्री सव्वाला वरच्या तारेची वीज जाते.
पिवळं मशीन येतं,
खडीत बोटं खुपसून रूळ उचलतं, सरळ करतं,
झोपेत वाकडं झालेलं पोर नीट करावं तसं.
वेल्डिंग पेटलं की पारसिकचा डोंगर
क्षणभर एका अंगानं निळा.
कापून टाकलेल्या तुकड्यावर
बॅटरीच्या उजेडात साल वाचलं:
आमच्या मित्राच्या जन्माचं.
हात फिरवला त्यावरून. गरम होता अजून.

मित्रा तुर्भ्याला लॅबमध्ये जाते.
आधी चहा अर्धा टाकून पळायची,
चपलेचा पट्टा जिन्यात लावायची.
काल बशीत ओतून फुंकर घालत बसली.
म्हटलं, "अगं, गाडी चुकेल."
म्हणाली, "चुकली तर चुकली, पप्पा.
मागं दुसरी आहेच की."

एकवीस वर्षांत हे वाक्य
मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

ती गेली. मी पडदा ओढून आडवा झालो.
एक गेली. डोळा लागतोय तोवर दुसरी.
खिल्लारे जूनमध्ये रिटायर झाले,
त्या किश्शातल्या म्हशीचं पुढं काय झालं
ते राहूनच गेलं विचारायचं.
आणि मुंगूस भिंतीच्या अलीकडं थांबलेलं,
पिल्लांना साडेचार मिनिटं
शिकवत.