तळघर, खिडकी क्रमांक दोन

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आमच्याकडे चढायचं नसतंच, उतरायचं असतं:
टॅनर काउंटीच्या कोर्टाखाली चौदा पायऱ्या,
शेवटची जरा उंच, तिथं सगळेच अडखळतात,
आणि अडखळलेल्या माणसाला मी विचारते,
नाव काय?
तुमचं नाही. त्याचं.

एकतीस वर्षं या खिडकीत आहे मी.
वकिली सल्ला द्यायला मला मनाई, तशी पाटीच आहे डोक्यावर.
मी एवढंच सांगू शकते की
खटल्याचा नंबर असेल तर दहा मिनिटं,
नसेल तर नाव आणि साल,
सालही नसेल तर बसा, खुर्ची ती तिकडे.
पानाला पन्नास सेंट. शिक्का हवा तर पाच डॉलर वर.
पुसून टाकलेल्या नोंदींना आणि कधी नव्हत्याच त्या नोंदींना
आम्ही एकच वाक्य वापरतो: अशी नोंद नाही.
ते म्हणताना मी स्टेपलरकडे बघते.

मंगळवारी डेल्फा रॅटलिफ आली.
सत्तरी ओलांडलेली, कोटाची बटणं एक घर चुकवून लावलेली.
अर्जात 'कारण' असा रकाना आहे,
सक्तीचा नाही, कोणी भरत नाही.
तिनं भरला होता, समासातसुद्धा उतरली होती:
भाऊ होबर्ट. आई सांगायची डेट्रॉइटला गेलाय, मोटारींच्या कारखान्यात.
पत्रांवर शिक्का मात्र इथलाच, केंटकीचा.
साल अडुसष्ट. किंवा एकोणसत्तर.
नक्की एवढंच की बर्फ पडला होता आणि माझे पाय गरम होते.

रजिस्टर उतरवलं. पाच वर्षांच्या पोराएवढं जड.
रॅटलिफ, ओमा: शांततेचा भंग.
रॅटलिफ, व्हर्जिल: दारू गाळणे. पुन्हा व्हर्जिल. पुन्हा.
होबर्ट नाही.
"नाही ना?" ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर
काय आलं ते मला अजून ठरवता येत नाही.
इथं थांबले असते तरी चाललं असतं.
चार वाजून दहा झाले होते.

पण नाव लिहितो तो डेप्युटी,
रात्री, गाडीच्या बॉनेटवर वही टेकवून, कानाला लागेल तसं.
मी एक पान मागे गेले.
रॅटक्लिफ, होबर्ट. वय एकोणीस.
कंपनीचं दुकान, मागची खिडकी.

खोक्यावर जुन्या पुराची तपकिरी रेघ.
आत सात पानं. गुन्हा कबूल. वकील: नको म्हणाला. अठरा महिने.
चौथ्या पानावर मालाची यादी,
टाइपरायटरचं एक अक्षर दरवेळी ओळीखाली घसरलेलं:
रेडिओ, एक. बॅटऱ्या, अकरा.
मुलीचे बूट, एक जोड, लाल, माप बारा.

ती बराच वेळ बोलली नाही.
सवयीनं मी टिश्यूचा डबा पुढे सरकवला.
तिनं तो तसाच परत माझ्याकडे ढकलला.
"रेडिओ?" ती म्हणाली.
"रेडिओ तर आमच्या घरी आलाच नाही कधी.
अकरा बॅटऱ्या! कुणाच्या घरी वाजत होता गं मेला?"
आणि हसायला लागली,
काउंटरची कड दोन्ही हातांनी धरून.

शिक्का हवाय?
"दाखवू कुणाला? चौथं पान दे तेवढं."
पंचवीस सेंटांची दोन नाणी.
मग दारातून वळून: "नाव तेवढं नीट करता येईल?"
मी म्हटलं, मूळ कागदाला हात लावता येत नाही.
खरंच येत नाही.
वर जाताना ती एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत गेली.

साडेचारला खिडकी लावून घेतली
आणि ड्रॉवरमधून एक कोरं कार्ड काढलं.
रजिस्टरात कार्ड खोचायला मला कुणाची परवानगी लागत नाही.
वर लिहिलं, रॅटलिफ, होबर्ट,
खाली आमच्या पद्धतीप्रमाणे एक शब्द: पाहा,
आणि त्याच्यापुढे ते चुकलेलं आडनाव,
होतं तसंच.