मुरूम

लिकोनीत पहाटे वीज नसते बहुधा.
मेजुमा अंधारातच चेहरा वाचते बोटांनी:
हनुवटीवर, हेल्मेटच्या पट्ट्याखाली, दोन नवे,
डाव्या जबड्यावर कालचा, अजून ठणकणारा.
एकोणचाळीस पूर्ण झाली तिला.
लेक कॉलेजात, तिचा गाल केळीच्या पानासारखा,
आणि हिच्या नाकावर दुपारपर्यंत
घाणाभर बटाटे तळून निघतील एवढं तेल.

मी तिच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहते,
म्हणून हे सगळं मला ठाऊक.

विहिरीचं पाणी खारट.
तोंडासाठी वेगळा पिवळा कॅन, विकतचा, दोनच मग.
वाटाण्याएवढा जेल, बोटांच्या पेरांनी, गोल गोल,
घासायचं नाही, टिपायचं.
औषधवाल्या फामाऊनं हे चारदा बजावलंय,
कारण पूर्वी ती घासायची,
नारळाच्या काथ्यानं, बुडाशी लागलेलं पातेलं घासावं तशी,
आणि कातडी चिडून दुप्पट तेल सोडायची.

मावशीनं लवंग उगाळून दिली. भाजलं.
शेजारीण चिठ्ठी नसलेली डबी घेऊन आली,
"डागही जातील, रंगही उजळेल."
मेजुमानं झाकण उघडलं, हुंगलं, परत लावलं.
"डाग जाऊ देत. रंगानं काय घोडं मारलंय माझं?"

मग ओलसर गालावर पातळ क्रीम,
मग दोन बोटं भरून सनस्क्रीन,
मग हिजाब, मग हेल्मेट,
मग आम्ही दोघी साइटवर.

तिथं ट्रकमधून तांबडी माती उतरते,
तिला इथं मरम म्हणतात.
शब्द कुठून कुठं गेला, कुणाच्या गलबतातून, देव जाणे.
मी म्हटलं, आमच्यात रस्त्यावर टाकतात तो मुरूम
आणि गालावर येतो तोही मुरूम.
चाळणी खाली ठेवून ती हसत सुटली,
हसता हसता जबडा ठणकला,
हात वर गेला, अर्ध्यात थांबला.
(हात लावायचा नाही. हेही फामाऊ.)
म्हणाली, आम्ही याला चुनुसी म्हणतो,
आणि पोहणाऱ्याचा पाय खाली ओढतं
त्या पाण्यातल्या भुतालाही चुनुसीच.
मी म्हटलं, आमच्यात आणखी एक शब्द आहे,
तारुण्यपीटिका. फोड करून सांगितली.
यावर ती हसली नाही.
"म्हणजे आहे म्हणायचं अजून," एवढंच.

शिकाऊ पोरांना ती सांगते,
मरमला पाणी कमी पडलं की धूळ, जास्त झालं की राड.
नेमका ओलावा साधला की रोलर फिरवा,
थर बसू द्या, आणि थांबा.
थांबत कुणी नाही.

दुपारी कंटेनरमागे वजू, तीन ओंजळी, साबण नाही.
सनस्क्रीन वाहून जातं.
नमाज झाली की पर्समधली ट्यूब, पुन्हा दोन बोटं.

रात्री धुणं, कोरडं होईपर्यंत पंख्याखाली बसणं,
मग औषध, सगळ्या चेहऱ्यावर, नुसत्या फोडांवर नाही.
पहिल्या महिन्यात पापुद्रे निघाले, फोड वाढले,
ट्यूब तिनं कचऱ्यात टाकली
आणि अर्ध्या तासानं काढून धुतली.
बारा आठवडे, फामाऊ म्हणाला होता.
सिमेंट कंपनीच्या कॅलेंडरवर फुल्या.

नव्या फोडावर पांढरा ठिपका लावून झोपते ती.
तो कापडाचा रंग खातो.
उशीचा अभ्रा जुन्या कांग्याचा, निळा,
त्यावर आता फिकट ढग.
काठावर म्हण छापलेली होती, अर्धी पुसली गेली.
काय होती, तिला आठवत नाही.
मला वाचताच येत नाही.

आज नववा आठवडा.
सकाळी आरसा उचलून ती दारात आली, उजेडात.
"मोज," म्हणाली.
मी मोजले. सात.
"आणि काल?"
काल वीज नव्हती, मेजुमा.