मागचं डावं

वर्धा रोडवरच्या थंडगार शोरूममध्ये
चारही चाकांना आरसे लावून झाले.
पडद्यावर पुढची दोन हिरवी,
मागे डावीकडे एक आकडा लाल.
"मागचं ॲडजस्ट होत नाही सर, कंपनीतूनच तसं येतं,"
मुलगा म्हणाला आणि बिल दिलं.
असं तीनदा.
स्टिअरिंग मात्र उजवीकडे मान कलती ठेवूनच
सरळ जात राहिलं,
उमरेडपर्यंत, काटोलपर्यंत.

पाचपावलीत केवळराम हेडाऊंकडे
मे महिन्यात सकाळी सातच्या आत जावं लागतं.
नंतर झळा सुटतात, दोरा थरथरतो
आणि ते मोजायचंच नाकारतात.
आधी टायरवरून तळहात फिरवला,
आतून बाहेर, मग बाहेरून आत,
मांजराला उलट्या केसांनी कुरवाळावं तसा.
"पाहा जी, बाहेरची कड करवत होऊन राहिली.
चाक आतल्या अंगाले पाहून राहिलं.
कुठं ठोकली?"
ठोकली नाही, म्हटलं. आत्याची गाडी.
नऊ वर्षं तिनं एकटीनं चालवली,
सिव्हिल लाइन्समधलं ऑफिस ते मनीषनगर.
मोतीबिंदूनंतर किल्ली माझ्याकडे.
"फुटपाथ कोनाले सोडत नाही बाप्पा."

मग चार लाकडी खुंट आणले,
वडलांच्या मागाचे.
माग भंगारात गेला तेव्हा
एवढेच मागे ठेवून घेतलेले.
गाडीच्या दोन्ही अंगांना
चाकाच्या मध्याच्या उंचीवर
पांढरा सुती दोरा ताणला,
बोटानं छेडला, ऐकला,
पुन्हा ताणला.
"एक दोरा ढिला राहिला
तर लुगडं जन्मभर एका बाजूनं लोंबते."

स्टीलची पट्टी, एक डोळा बंद.
रिमची पुढची कड: एकशे चार.
मागची: एकशे एक.
पुन्हा मोजलं. तेच.
तीन मिलिमीटर,
ज्वारीच्या दाण्याहूनही कमी.

तेवढ्यासाठी आत्याचा उजवा खांदा
पाच वर्षं दुखत होता.
धंतोलीचा फिजिओथेरपिस्ट, गरम पाण्याची पिशवी,
महानारायण तेलाचा वास बसलेला सीटच्या पाठीला.
"त्या गाडीचा स्वभावच आहे तो,"
ती म्हणायची,
"थोडं धरून ठेवलं की ऐकते."

चाक काढलं. गंजलेले चार बोल्ट,
त्यांतला एक रॉकेल पाजूनही हटून बसलेला,
त्यानं अर्धा तास खाल्ला आणि माझा एक चहा.
पितळेची पत्री कात्रीनं कापली,
अर्ध्या मिलिमीटरची,
पुढच्या दोन बोल्टांपाशी सरकवली.
गाडी उतरवली, मागेपुढे ढकलली,
बसू दिली तिच्या बुडावर.
एकशे तीन. एकशे दोन.

"शून्य करा ना," मी म्हटलं.
"शून्य नको जी.
एवढं आत पाहू द्या तिले,
धावताना आपसूक सरळ होते.
उभ्या गाडीचं काय मोजता?"
झीरो माइलच्या गावात
शून्य नको म्हणणारा माणूस
खुंटावरून दोरा सोडत होता,
बोटांभोवती आठाच्या आकड्यात गुंडाळत.

कामठी रोडला लागलो
तर गाडी उजवीकडे, दुभाजकाकडे निघाली.
घाबरून ब्रेक दाबला. मागून ऑटोवाला:
"काऊन बे, झोपला का?"
मग कळलं, गाडी सरळ होती.
माझाच हात अजून तिला
उजवीकडे ओढत होता.

सिग्नलवर आत्याला फोन लावला.
"कधी ठोकली होतीस?"
पलीकडे कूलरचा आवाज, बराच वेळ.
"एकदा. मेडिकलच्या गेटाशी, रात्री.
कुणाला तरी पोचवायचं होतं."
कुणाला, ते मी विचारलं नाही.
तीच म्हणाली,
"किती घेतले?"
"साडेतीनशे."
"महाग आहे," म्हणाली,
आणि फोन ठेवला नाही.